उसनी झोप

दिवाळी आठ दिवसांवर आली, की मालगुंडला आमच्या वाडीतल्या बायका माझ्या आईकडे भाजणीचे प्रमाण विचारायला येत. तांदूळ किती, चण्याची डाळ किती, उडीद किती, धणे-जिरे भाजून घालायचे की कसे. आता मुंबईत माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत फराळ विकतचा येतो, आणि प्रमाणे विचारली जातात ती निराळीच. "तुम्ही पाव घेता की अर्धी?" "ती अमेरिकेची गोड गोळी पाचाची की दहाची?" "नुसत्या एकीने नाही हो भागत. मी दोन्ही घेते." भाजणीचे प्रमाण चुकले तर फार तर चकली तेलात विरघळते. या दुसऱ्या प्रमाणात चूक झाली तर काय होते, ते मी माझ्या घरात पाहिले आहे. म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो. मात्रावृत्तातल्या मात्रा मला मोजता येतात. औषधाची मात्रा मोजण्याचा अधिकार मला कोणीही दिलेला नव्हता. तरी तो मी घेतला. पुढे जे लिहिले आहे त्याला वैद्यकीय सल्ला समजू नये. एका मुलाने केलेली चूक आणि ती झाल्यावर त्याने उशिरा केलेला गृहपाठ, एवढेच त्याचे स्वरूप आहे.

पंधरा दिवसांची गोळी

अडीच वर्षांपूर्वी आमचे अण्णा गेले. दिवसकार्य आटोपून मुंबईला परतलो, आणि कॉलेजातल्या परीक्षा सुरू झाल्या. दिवसभर पर्यवेक्षण, रात्री उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. अंथरुणावर पडलो की छातीत धडधडे. पहाटे तीनचे ठोके मी इतक्या वेळा ऐकले, की घड्याळाचा आवाज बंद करून ठेवावा लागला. शेवटी सौ.ने मला डॉक्टरांकडे धाडले. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची एक गोळी रात्री घ्यायला सांगितली. "सर, ही पंधरा दिवसांसाठी आहे. पंधरा दिवसांनी मला भेटा," असे त्यांनी दोनदा बजावले.

पंधरा दिवसांनी मी त्यांना भेटलो नाही. भेटायचे कशाला? झोप तर लागत होती! चिठ्ठीची मुदत संपली होती, पण एका ओळखीच्या दुकानदाराने ती मागायचे सोडून दिले. तीन-चार महिन्यांत पाव पुरेनाशी झाली. मी अर्ध्यावर गेलो. अर्धीही पुरेनाशी झाली तेव्हा न्यू जर्सीचा भाचा सुट्टीवर आला होता. "मामा, ती स्ट्राँग गोळी कशाला वाढवता? हे घ्या. हे नॅचरल आहे," असे म्हणून त्याने मेलॅटोनिनच्या गोड गोळ्यांची बाटली हातात ठेवली. स्ट्रॉबेरीचा स्वाद, अस्वलाचा आकार. त्यात सौ.च्या बहिणीने अश्वगंधेच्या चूर्णाचा डबा आणून दिला. अशी माझी रात्रीची त्रिमूर्ती सिद्ध झाली : अर्धी गोळी, एक अस्वल आणि दुधातून चमचाभर चूर्ण.

झोप लागे, हे खरे. पण सकाळी डोक्यात धुके भरलेले असे. एकदा वर्गात शिकवताना साधा 'अनुप्रास' हा शब्द मला आठवेना. साठ मुले माझ्याकडे बघत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो सुचवला, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. मनात मात्र चरकलो. तरीही त्या रात्री पुन्हा तीनही गोष्टी घेतल्याच; कारण 'आज घेतल्या नाहीत तर?' या धास्तीनेच झोप उडाली असती.

विसर्जनाची रात्र

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही सारे मालगुंडला गेलो. गणपतीपुळ्याच्या देवळापासून हे गाव हाकेच्या अंतरावर. केशवसुतांचे गाव म्हणून मराठीच्या प्राध्यापकाला त्याचा अभिमान जरा अधिकच. त्यांचे जन्मघर नीट करून तिथे स्मारक उभारले आहे; १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आमचे घर तिथून थोडे आत, पोफळीच्या बागेला लागून. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, आणि पडवीतून मागीलदारी उतरायला दोन उंच चिऱ्याच्या पायऱ्या. रात्री सगळे निजले, की समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येते.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची. अण्णा गेल्यापासून एवढ्या घरात एकटी राहते. मुंबईला ये म्हटले, तर "देवाला दिवा कोण लावील?" हे तिचे ठरलेले उत्तर. आल्या दिवशीच तिने मला बाजूला घेऊन विचारले, "तू रात्रीची कसली गोळी घेतोस म्हणे. मेला डोळ्याला डोळा लागत नाही रे माझ्या. सगळी रात्र गाज ऐकत पडते. मला देशील का एक?"

सांगायला लाज वाटते, पण मला त्या वेळी आनंद झाला. आईने माझ्यापाशी काही मागण्याचे प्रसंग फार थोडे. मी माझ्या गोळीचा अर्धा तुकडा आणि वर एक अस्वल असे तिला दिले. सकाळी ती उठली ती सूर्य वर आल्यावर. "किती दिवसांनी झोपले रे!" असे म्हणून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरेट मिळाल्यासारखे वाटले मला.

दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही तेच. गौरी-गणपतींचे विसर्जन झाले त्या संध्याकाळी पावसात भिजून आईला सर्दी झाली. डब्यात सर्दीची गोळी होती, ती तिने आपणहून घेतली. तीही गुंगी आणणारी असते, हे तिला ठाऊक नव्हते आणि मला सुचले नाही. वर माझे दोन नैवेद्य होतेच.

रात्री अडीच-तीनच्या सुमारास धप्प असा आवाज झाला. मलाही गोळीची गुंगी होती. आवाज कसला हे उमजून उठेपर्यंत सौ. दिवा घेऊन पडवीत पोचली होती. आई मागीलदारच्या पायऱ्यांखाली पडली होती. उजवा हात अंगाखाली मुडपलेला. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. "अहो, दार लावून घ्या, वासरू आत येईल," असे ती अण्णांना सांगत होती. आमच्या गोठ्यात गेली पंधरा वर्षे वासरू नाही.

शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही पहाटे तिला रत्नागिरीला नेले. मनगटाचे हाड मोडले होते. डोक्याला लागले नव्हते, हे दैव. हात प्लास्टरमध्ये घातल्यावर तिथल्या एका वयस्क डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले.

"आजींना रोजच्या गोळ्या कोणत्या?"

"रक्तदाबाची एक."

"आणि झोपेची?"

मी गप्प राहिलो. मग सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चिठ्ठी कुणाच्या नावाची होती?" मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी हजारो चुकांखाली तांबडी रेघ मारली आहे. ती रेघ आपल्या चुकीखाली उमटली म्हणजे काय वाटते, ते त्या दिवशी कळले.

झोप आणि गुंगी

मराठीत झोपेच्या कुळातले शब्द पुष्कळ आहेत. नीज, झोप, डुलकी, पेंग, डोळा लागणे. आणि याच कुळाच्या उंबरठ्यावर उभे असलेले दोन परके : गुंगी आणि ग्लानी. आपल्या आज्यांना हा भेद कळत होता. अफूची बोंडे उकळून पाजलेले मूल 'झोपले' असे त्या म्हणत नसत, 'गुंगले' म्हणत. डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले, त्याचे सार या दोन शब्दांत सामावलेले आहे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही सारी एकाच घराण्यातली औषधे. या घराण्याला बेंझोडायझेपिन म्हणतात. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन आहे; मज्जापेशींची धावपळ शांत करणे हे त्याचे काम. पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी सोडायला जशी जागोजाग दारे असतात, तशी पेशींवर सूक्ष्म दारे असतात. गाबा ती उघडतो आणि पेशी निवते. ही औषधे स्वतः दार उघडत नाहीत; गाबा आला म्हणजे ते अधिक वारंवार उघडेल अशी व्यवस्था करतात. त्यामुळे भीती ओसरते, स्नायू सैल पडतात, डोळे मिटतात. पण तोल सांभाळणाऱ्या, नव्या गोष्टी लक्षात ठेवणाऱ्या भागांतही हेच पाणी शिरते. शिवाय त्यांच्या अमलाखाली येणाऱ्या झोपेत गाढ झोपेचा वाटा कमी होतो. म्हणजे तास भरतात, पण कस उतरतो.

मेलॅटोनिनचे काम अगदी निराळे. ते आपल्याच मेंदूतल्या एका चिमुकल्या ग्रंथीत अंधार पडला की तयार होऊ लागते, मध्यरात्रीनंतर त्याची भरती येते, आणि उजेड दिसला की ओहोटी. रात्र झाली, अशी दवंडी ते शरीरभर पिटते. माणसाला पाडून झोपवणे हा त्याचा धर्म नव्हे. म्हणून लांबच्या विमानप्रवासानंतर बिघडलेले शरीराचे घड्याळ लावायला त्याचा उपयोग होतो. साध्या निद्रानाशात काय होते? २०१३ साली १९ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यांत मिळून १,६८३ माणसे होती. मेलॅटोनिनने झोप सरासरी ७ मिनिटे लवकर लागली आणि एकूण झोप सुमारे ८ मिनिटांनी वाढली. सात मिनिटांसाठी आपण सातासमुद्रांपलीकडून बाटल्या आणवतो!

"मग दोन्ही एकत्र घेतले तर?" मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "गुंगीत गुंगीची भर पडते." युरोपात पंचावन्न वर्षांवरील रुग्णांसाठी मेलॅटोनिनची जी दोन मिलिग्रॅमची गोळी २००७ साली मान्य झाली, तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच ही सूचना आहे. बेंझोडायझेपिनांचा आणि झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांचा गुंगीचा परिणाम मेलॅटोनिनने वाढू शकतो. झोल्पिडेमबरोबर ते देऊन पाहिले, तेव्हा तासाभराने माणसांचे अवधान, स्मरण आणि हालचालींतला मेळ हे सारे एकट्या झोल्पिडेमपेक्षा अधिक ढासळले. मागीलदारच्या दोन पायऱ्या रात्री उतरायला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात.

त्यात सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी मिसळली, की आणखी भर. मद्य किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध मिसळले, तर श्वासच मंदावण्याचा धोका. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडणाऱ्या माणसानेही या वाटेला परस्पर जाऊ नये.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट तर आणखी नाजूक. त्यांच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडते, आणि मेंदूही त्याला अधिक हळवा होतो. अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी केली. ती वेळोवेळी सुधारली जाते. बेंझोडायझेपिने त्या यादीत आहेत. कारणे दिली आहेत ती भ्रम, पडणे आणि हाड मोडणे. आमच्या घरी तीनही एकाच रात्री घडली.

'पूरक' या शब्दाची जादू

भाषेच्या माणसाला एक शब्द मात्र डाचत राहिला : 'पूरक'. बाटलीवर 'औषध' असे लिहिलेले नसते. 'पूरक आहार' असे लिहिलेले असते. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे. कसली उणीव, ती कोणी मोजली, हे कोणी विचारीत नाही. औषध म्हटले की आपण बिचकतो; पूरक म्हटले की खाऊ वाटतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशा पदार्थांना अन्नाच्या पंगतीत बसवले. त्यामुळे ते बाजारात आणण्यापूर्वी त्यांचा गुण सरकारपुढे सिद्ध करावा लागत नाही. हेच मेलॅटोनिन ब्रिटनमध्ये मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तेव्हा समुद्राच्या एका काठावर खाऊ, दुसऱ्या काठावर औषध!

आणि बाटलीत तरी लिहिले तेवढे असते का? २०१७ साली कॅनडात मेलॅटोनिनची ३१ उत्पादने तपासली गेली. काहींत ते लेबलावरच्या आकड्याहून ८३ टक्के कमी होते, तर एकात ४७८ टक्के जास्त. आठ उत्पादनांत तर सेरोटोनिन हे दुसरेच द्रव्य निघाले. २०२३ साली अमेरिकेत गोड गोळ्यांच्या २५ प्रकारांची तपासणी झाली. त्यांपैकी २२ प्रकारांवरचा आकडा खरा नव्हता. म्हणजे आईला मी पाच मिलिग्रॅम दिले की वीस, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

'वनस्पतीचे आहे, अपाय कसला?' हा आपला दुसरा भाबडेपणा. अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातच 'सोम्निफेरा', म्हणजे झोप आणणारी, असा लॅटिन शब्द आहे. जी झोप आणते, ती झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर भर घालणारच. काही माणसांत तिने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. आमच्या कोकणात बागेतले जायफळ सहाणेवर उगाळून दुधातून देतात. दोन वळसे उगाळले तर ठीक. पण तेच जायफळ दोन-तीन चमचे पोटात गेले, तर छाती धडधडते आणि नसलेली माणसे दिसू लागतात.

यातले सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. सर्पगंधा ही मूळची आपली वनस्पती. बिहारात तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली सेन आणि बोस या दोघा वैद्यकांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असे लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ती काळजीपूर्वक वापरून पाहिली आणि १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले. जगाचे डोळे विस्फारले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. अस्वस्थ मन शांत करणाऱ्या आधुनिक औषधांच्या पहिल्या पंगतीत ते बसले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण पुढे काही रुग्णांना ते घेतल्यावर खोल उदासी येते अशा तक्रारी आल्या, आणि त्याचा वापर ओसरला. वनस्पतीत गुण आहे म्हणूनच तिला दोषही आहे. ज्यात काहीच दोष नाही, त्यात बहुधा काहीच गुण नसतो.

गोळ्यांचा इतिहासही असाच आहे. न्यू जर्सीतल्या नटली गावी लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेची आवराआवर चालली असताना, १९५७ साली एका बाजूला पडलेल्या भुकटीची चाचणी झाली. तिच्यातून १९६० साली लिब्रियम बाजारात आले, आणि १९६३ साली व्हॅलियम. त्याच सुमारास, १९५८ साली, एरन लर्नर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने गुरांच्या मेंदूतल्या ग्रंथींतून मेलॅटोनिन वेगळे केले. तो शोधत होता त्वचेच्या रंगाचे गूढ. हाती लागली रात्रीची दवंडी. जुनी बार्बिट्युरेटे थोडी जास्त झाली की प्राण घेत. त्यांच्यापुढे व्हॅलियम देवदूत वाटले. सवयीचा विळखा लोकांच्या ध्यानात यायला वर्षे लागली. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सर्व घराण्यावर सर्वांत ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला : गैरवापर, सवय, आणि सोडताना होणारा त्रास. आपल्याकडेही अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 'एच-वन' या अनुसूचीत आहेत. १ मार्च २०१४ पासून हा नियम लागू झाला. चिठ्ठी पाहून, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत टिपून मगच ती विकायची, आणि ती वही तीन वर्षे जपायची. 'ओळखीचा दुकानदार' मला कृपाळू वाटत होता. तो आणि मी मिळून कायदा मोडत होतो.

परतीची वाट

तुम्ही म्हणाल, मग मी त्याच दिवशी साऱ्या बाटल्या समुद्रात फेकल्या असतील. माझाही तोच बेत होता. डॉक्टरांनी घाईने हात वर केला. "मुळीच नाही! वर्षभर रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडली, तर झोप तर जाईलच. पण हातपाय कापतील, जीव घाबरेल, आणि कधी फिटही येते." हे वाक्य वाचकांनी अधोरेखित करून ठेवावे. जो ही गोळी दीर्घकाळ रोज घेत असेल, त्याने ती आपल्या मनाने सुरू ठेवू नये आणि आपल्या मनाने बंदही करू नये. अस्वले आणि चूर्ण त्यांनी लगेच थांबवले. गोळी मुंबईच्या माझ्या मूळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी उतरवली. तिला चार महिने लागले. त्यांना पंधरा दिवसांनी भेटायचे होते, ते मी सव्वा वर्षाने भेटलो.

गोळीच्या जागी काय? इथे मला खरे आश्चर्य वाटले. अमेरिकेतल्या वैद्यांच्या एका प्रमुख संघटनेने २०१६ साली असे सांगितले, की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार औषध नव्हे. झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार सुधारण्याची पद्धतशीर शिकवण, हा आहे. झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली मेलॅटोनिन आणि व्हॅलेरियनसारख्या गोष्टी निद्रानाशासाठी वापरू नयेत असेच सुचवले. या शिकवणीचे काही नियम १९७२ साली रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने घालून दिले. ते आपल्या आजीने सांगावेत इतके साधे आहेत. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही. अंथरुणावर वाचन, हिशेब, मोबाइल काही नाही. झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या जागी बसायचे, पेंग आली की परतायचे. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचे. दुपारी झोपायचे नाही.

साधे, पण सोपे मात्र नाहीत. पहिले तीन आठवडे मी सौ.शी आणि विद्यार्थ्यांशी ज्या आवाजात बोललो, त्याबद्दल दोघांचीही नंतर क्षमा मागितली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली, आणि रात्री केव्हा झोप लागली ते आठवेना. डोक्यात धुके नव्हते.

आईची गोष्ट निराळी निघाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला जे विचारले, ते मी मुलगा असून कधी विचारले नव्हते. "आजी, दुपारी किती वेळ पडता? रात्री किती वाजता अंथरूण टाकता?" दुपारी दोन तास. रात्री आठला दिवा मालवून अंथरुणावर, कारण एकटीने जागून करायचे काय! आठला निजलेल्या माणसाला दोनला जाग आली, तर त्याला निद्रानाश कसे म्हणावे? चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेवढी झोप हिशेबाबाहेर नव्हती. मग त्यांनी हळूच विचारले, "आणि भीती वाटते का?"

आई बराच वेळ प्लास्टरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांची खाट तशीच आहे समोर. रात्री जाग आली की दिसते."

त्या खाटेवर कुठलीही गोळी लागू पडली नसती. आम्ही तिचे अंथरूण माजघरातून ओटीलगतच्या खोलीत हलवले. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी रात्री सोबतीला येऊ लागली. आई तिला पाढे नि पाककृती शिकवते, ती आईला मोबाइलवर भजने लावून देते. अंथरूण साडेदहाला पडते. मागीलदारच्या पायऱ्यांना आता लोखंडी कठडा आहे आणि पडवीत रात्रभर बारीक दिवा. रोज रात्री नऊला मी फोन करतो. पूर्वी आठवड्यातून एकदा करीत असे. हेही या लेखात लिहायला हवे.

सगळ्यांचे दुखणे खाट हलवून जाणार नाही, हे मी जाणून आहे. कित्येकांच्या निद्रानाशामागे खरा आजार असतो : मनाचा, थायरॉइडचा, श्वासाचा. त्यांना औषध लागते, आणि जाणत्या डॉक्टरच्या हातची गोळी योग्य वेळी, योग्य मुदतीपुरती घेण्यात कमीपणा काहीच नाही. दूरच्या गावी मनाचा डॉक्टर जवळ नसेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. २०२२ च्या ऑक्टोबरात ती सुरू झाली. डॉक्टरांकडे जाताना मात्र घरातल्या सर्व गोळ्या, चूर्णे, काढे नि अस्वले एका पिशवीत घालून न्यावीत, काही लपवू नये. आणि आपल्या नावाची गोळी दुसऱ्याच्या तोंडात कधी घालू नये. ते माणूस कितीही आपले असो. किंबहुना ते आपले आहे म्हणूनच.

यंदाच्या गणपतीला पुन्हा मालगुंडला गेलो होतो. आईचे मनगट जुळले आहे, पण पूर्वीसारखे वळत नाही. एकेका मोदकाला मोजून एकवीस कळ्या पाडणारा तो हात अकरा-बारा कळ्यांवर थांबतो. उरलेल्या सौ. पाडते. आई कधी बोलून दाखवत नाही. नैवेद्याचे ताट माझ्यासमोर आले, तेव्हा मी मोदक उचलला आणि नकळत त्याच्या कळ्या मोजल्या.

त्या रात्री दोन वाजता मला जाग आली. आईच्या खोलीत दिवा होता. जाऊन पाहिले, तर ती खुर्चीत बसून वाती वळत होती.

"झोप नाही लागत, आई?"

"लागेल रे. अजून आली नाही, एवढंच. तू ये, बैस."

मी बसलो. दोघेही गाज ऐकत राहिलो. अर्ध्या तासाने तिला पेंग आली आणि ती आपणहून उठून अंथरुणावर गेली. मीही येऊन पडलो. झोप उसनी आणली होती तेव्हा तिचे व्याज आईच्या मनगटाने फेडले. ही मात्र आमची दोघांची घरची होती.